‘स्टार ट्रेक’चा खरा परिणाम कोणता मानावा?

ग्रंथप्रेमी (फोंडा)

आमच्या वाचनालयाच्या विज्ञानकथा मंडळात मला पुढच्या महिन्यात ‘स्टार ट्रेक’ या मूळ अमेरिकी मालिकेवर बोलायचे आहे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झालेली ही मालिका तीन हंगाम आणि ७९ भागांनंतर बंद पडली, तरीही तिचा ठसा टिकून आहे. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवरही दाखवली गेली. तिच्यातली उपकरणे आणि आजचे मोबाइल फोन यांची तुलना सर्वत्र वाचायला मिळते. परंतु वस्तूंची यादी म्हणजे सांस्कृतिक परिणाम, हे मला पटत नाही. ज्यांनी एकही भाग पाहिलेला नाही, अशा तरुण श्रोत्यांना तिचे महत्त्व कोणत्या धाग्याने उलगडून सांगावे?

खगोलमित्र (पणजी)

माझ्या मते, मालिकेतल्या ‘एंटरप्राइज’ या अंतराळयानाच्या नियंत्रणकक्षात कोणाकोणाला बसवले गेले, हाच तो धागा. संपर्क अधिकारी उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री होती आणि ती भूमिका निशेल निकोल्स यांनी केली. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला संरक्षण देणारा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. पहिल्या हंगामानंतर निकोल्स मालिका सोडण्याच्या विचारात असताना मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला आग्रहाने थांबवले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले.

१९७७ मध्ये नासाने अंतराळवीर निवडताना स्त्रिया आणि अल्पसंख्याक समाजांतल्या उमेदवारांपर्यंत पोहोचण्यासाठी निकोल्स यांचीच मदत घेतली. १९७८ च्या तुकडीत सॅली राइड (पुढे अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकी स्त्री) आणि गायन ब्लूफोर्ड (अंतराळात गेलेले पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी) निवडले गेले. त्याचे सगळे श्रेय निकोल्स यांना देता येणार नाही, पण त्यांचा वाटा नाकारताही येत नाही. १९९२ मध्ये ‘एंडेव्हर’मधून अंतराळात गेलेल्या मे जेमिसन या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्री. लहानपणी पाहिलेल्या उहुराचे ऋण त्या उघडपणे मान्य करतात, आणि त्या मोहिमेत कामाची पाळी सुरू करताना उहुराच्याच तोंडचे, संपर्काचे मार्ग खुले असल्याचे सांगणारे वाक्य उच्चारत.

तारवटी (वास्को)

मी उमेदीची वर्षे बोटीवर काढली, म्हणून वरच्या मुद्द्याला जोड देतो. ब्रिटिश प्रवासी बोटींवर गोमंतकीय माणसे पिढ्यान्‌पिढ्या नोकरीला होती, पण ती मुख्यतः भटारखान्यात, भोजनगृहात आणि केबिनींच्या सेवेत. डेकवर एका मुलखातले खलाशी, इंजिनखोलीत दुसऱ्या मुलखातले, आणि जिथून बोट हाकली जाते त्या ब्रिजवर गोरे अधिकारी. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ही वाटणी कधी प्रश्न न विचारता स्वीकारली होती.

मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी हे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानाचे वैमानिक होते, आणि त्यांनी ‘एंटरप्राइज’ची सारी व्यवस्था आरमारी जहाजासारखीच ठेवली: कप्तान, हुद्दे, पाळ्या, ब्रिज. ओळखीची चौकट तशीच ठेवून त्यांनी माणसे तेवढी बदलली. सुकाणूवर सुलू आला. ती भूमिका करणारे जॉर्ज ताकेई लहानपणी, केवळ जपानी वंशाचे म्हणून, कुटुंबासह अमेरिकेतल्याच छावण्यांत डांबले गेले होते. दुसऱ्या हंगामात, ऐन शीतयुद्धात, त्याच्या शेजारी चेकॉव हा रशियन तरुण बसला. पृथ्वीवरच्या या माणसांच्या वर्णाचा किंवा देशाचा वाद ब्रिजवर सहसा निघतच नाही. संशय आणि टोमणे वाट्याला येतात ते निम्म्या परग्रहीय रक्ताच्या स्पॉकच्या, आणि मला हीच लेखनातली सर्वांत धीट युक्ती वाटते, कारण प्रेक्षकाला स्वतःचा पूर्वग्रह दुसऱ्याच्या नावाने पाहावा लागतो.

अध्यापिका (डिचोली)

दोन्ही मते मला मान्य आहेत; तरी व्याख्यानात मालिकेच्या मर्यादाही याव्यात. पहिल्या चाचणी भागात कप्तानाच्या खालोखालचा अधिकार एका स्त्रीकडे होता. दुसऱ्या चाचणीत ते पात्र उरलेच नाही. उहुराच्या वाट्याला तर कित्येक भागांत दोन-चार वाक्यांपलीकडे काही येत नाही.

त्याचबरोबर प्रेक्षकांची भूमिकाही सांगावी, कारण ही मालिका जगवली ती त्यांनी. दुसऱ्या हंगामाअखेर ती बंद होणार अशी चिन्हे दिसताच चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला, आणि १ मार्च १९६८ रोजी वाहिनीला मालिका सुरू राहणार असल्याचे पडद्यावरूनच जाहीर करावे लागले. पुढे तिला शुक्रवारी रात्री दहाची गैरसोयीची वेळ मिळाली आणि १९६९ मध्ये ती संपली. पण सत्तरच्या दशकात स्थानिक केंद्रांवरच्या पुनःप्रसारणातून तिचा प्रेक्षक वाढतच गेला. १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलचे ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे ठरलेले नाव बदलून ‘एंटरप्राइज’ झाले, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच.

शक्य असल्यास जानेवारी १९६९ मधला तो भाग दाखवावा, ज्यात अर्धा काळा आणि अर्धा पांढरा चेहरा असलेले दोन परग्रहवासी एकमेकांचा अतोनात द्वेष करतात. एकाची उजवी बाजू काळी आणि दुसऱ्याची डावी, एवढाच त्यांच्यातला फरक, आणि तो कप्तान कर्कला सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाही. भाग सुमारे पन्नास मिनिटांचा आहे, म्हणून प्रास्ताविक थोडक्यात आटोपून नंतरच्या चर्चेसाठी अर्धा तास तरी राखून ठेवावा.