मदत हवी आहे: मिनिट्समध्ये 'टेबल्ड' ऐवजी काय लिहू?

आमच्या टीममध्ये पुणे, लंडन आणि शिकागो अशी तीन ठिकाणची माणसं आहेत आणि मीटिंगचे मिनिट्स मी लिहिते. मागच्या आठवड्यात बजेटच्या मुद्द्यापुढे 'टेबल्ड' लिहिलं, माझ्या डोक्यात अर्थ होता की मुद्दा चर्चेला मांडला, आपल्याकडे विधिमंडळात अहवाल पटलावर ठेवतात ना तसा, पण शिकागोवाल्यांनी वाचलं की विषय बाजूला ठेवला आणि त्यांनी आकडे पाठवलेच नाहीत.

डिक्शनरी बघून झालीये. ब्रिटिश इंग्रजीत चर्चेला घेणे, अमेरिकन इंग्रजीत पुढे ढकलणे, म्हणजे बरोब्बर उलट! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचा याच शब्दावरून लांबलचक वाद झाला होता, दोघांना हवं एकच होतं तरी, असं चर्चिलनी लिहून ठेवलंय. त्यामुळे अर्थ कळलाय, अडलंय ते वापरात.

ढकललेल्या मुद्द्याला 'पोस्टपोन्ड' लिहिते, त्यात घोळ नाही. मांडलेल्याला 'रेझ्ड' लिहून बघितलं तर मॅनेजर म्हणाले की कोणीतरी तक्रार केल्यासारखं वाटतं. 'डिस्कस्ड' चालत नाही कारण कधीकधी मुद्दा नुसता मांडतात, चर्चा पुढच्या वेळी होते. वाक्य लिहायचा सल्ला नको प्लीज, टेम्प्लेटच्या त्या रकान्यात एकच शब्द बसतो आणि टेम्प्लेट बदलणं माझ्या हातात नाही.

पुढच्या महिन्यात टोरांटोचे दोघं येतायत. कॅनडात ऑफिसमध्ये 'टेबल्ड'चा कुठला अर्थ धरतात, आणि 'मांडला, चर्चा बाकी' यासाठी चारही ठिकाणी सारखाच वाचला जाईल असा एक शब्द कोणता?