व्यसनमुक्ती केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे
मूल व्यसनमुक्ती उपचार केंद्रात असेपर्यंत पालकांनी फक्त धीर धरावा आणि भेटीत त्याला प्रश्न विचारू नयेत, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. भेटीत उलटतपासणी घेऊ नये हे खरे, पण घरातली तयारी त्याच काळात करायची असते. अफूजन्य पदार्थांचे व्यसन असेल, तर ते बंद असताना शरीराची सहनशक्ती घटते आणि पूर्वी पचणारी मात्रा पुन्हा घेतल्यास श्वास थांबून जीव जाऊ शकतो, म्हणून केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे विशेष जोखमीचे. समुपदेशकांनी हे सांगितल्यावर आम्ही औषधांचे कपाट उपसले, तेव्हा सासूबाईंच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांची अर्धी पट्टी खोकल्याच्या बाटलीमागे सापडली. अफूजन्य पदार्थाची मात्रा जास्त होऊन श्वास मंदावल्यास त्याचा परिणाम उलटवणारे नॅलॉक्सोन हे औषध घरी ठेवता येईल का, हेही डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.