क्यू हातात, यू गायब: स्क्रॅबलमध्ये काय लावायचं?

रिकामी_रॅक:
स्क्रॅबलच्या १०० टाइलमध्ये क्यू एकच, यू मात्र चार. चारही यू बोर्डावर लागून गेले आणि दोन्ही कोऱ्या टाइलही (कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या) संपल्या, तर हातातल्या क्यूचं करायचं काय? यू न लागणारे शब्द कोणते आणि त्यांचं नेमकं स्पेलिंग काय? पाठ करायचेच झाले तर आधी कोणते करावेत? फकीर, तलाक असले आपल्या ओळखीचे शब्दही चालतात म्हणे. खरं का? इराक आणि कतार आधी सुचतात, पण ती विशेषनामं, म्हणजे बादच.

तिप्पट_अक्षर:
सगळ्यात आधी क्यू-आय. उच्चार 'ची'. चिनी वैद्यकात शरीरातली जी प्राणशक्ती मानतात ती. स्क्रॅबलच्या वैध शब्दांच्या अमेरिकी यादीत हा शब्द २००६ साली आला आणि तेव्हापासून क्यूची धास्ती निम्मी झाली. पिशवीत आय नऊ असतात, त्यामुळे एखादा बोर्डावर किंवा हातात सापडतोच. अनेकवचनही चालतं, क्यू-आय-एस.

पण नुसते ११ गुण घेऊन थांबू नका. बोर्डावर 'टॅक्सी'सारखा आडवा शब्द बघा, ज्याचं शेवटचं अक्षर आय आहे आणि त्या आयच्या बरोबर वरचं घर तिप्पट अक्षराचं, म्हणजे तिथल्या अक्षराचे गुण तिप्पट करणारं आहे. त्या घरात क्यू ठेवा आणि क्यूच्या उजवीकडे स्वतःचा आय. उभा क्यू-आय झाला, आडवाही झाला. प्रत्येकी ३० अधिक १, म्हणजे ३१, दोन्ही मिळून ६२. शब्द आयवरच संपायला हवा. पुढे अक्षर असेल तर तुमचा नवा आय त्याच्या डोक्यावर बसतो आणि तिथे तिसरा शब्द तयार होतो. खाली टी, एन किंवा एस असेल तर बिघडत नाही, उलट इट, इन, इझचे दोन गुण वर मिळतात. खाली सी किंवा व्ही आला की अख्खी चाल बाद.

आय नसेल आणि ए, टी असतील तर क्यू-ए-टी, १२ गुण. येमेनमध्ये चघळतात तो पाला.

काझी_राजी:
ओळखीच्या शब्दांबद्दल. हो, चालतात, पण स्पेलिंग आपल्या मनाने करू नका.

फकीर: एफ-ए-क्यू-आय-आर, १७ गुण. क्यूच्या जागी के टाकूनही चालतो, पण तो गुणांना काय कामाचा!

काझी: क्यू-ए-डी-आय. झेड घालायचा मोह आवरा, इथे अरबी रूप घेतलंय आणि त्यात डी आहे. हीच चार अक्षरं फिरवली की क्यू-ए-आय-डी. हा न्यायाधीश नव्हे, टोळीचा प्रमुख किंवा नेता, 'कायदे-आझम'मधला 'कायद' तोच. आपल्याला आधी तुरुंगाची 'कैद' आठवते, पण तो शब्द वेगळा. दोन्हींचे गुण १४. एक बसला नाही तर दुसरा बसवून बघा, आडव्या-उभ्या जोडणीत बराच फरक पडतो.

क्यू-ए-एन-ए-टी हाही असाच फसवा. तंबूची कनात नव्हे, तर जमिनीखालून उताराने पाणी आणणारा इराणी पद्धतीचा बोगदा. औरंगाबादची मलिक अंबरची नहर-ए-अंबरी याच जातीची.

वक्फ (डब्ल्यू-ए-क्यू-एफ, १९ गुण) आणि तलाक (टी-ए-एल-ए-क्यू) कॉलिन्स यादीत, म्हणजे कॉलिन्स कोशाच्या वैध शब्दांच्या यादीत आहेत. कव्वालीही आहे, मात्र डब्ल्यू दोन लागतात: क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. सातही टाइल एकदम लावल्या तर २२ अधिक ५० बोनस. संपूर्ण संचात डब्ल्यू दोनच असतात, तेव्हा याची वाट बघत बसणं म्हणजे लॉटरीच.

भारतातल्या स्पर्धा कॉलिन्सवर चालतात. अमेरिका-कॅनडात खेळणाऱ्यांनी हे तिन्ही शब्द गृहीत धरू नयेत, तिथली यादी वेगळी आहे.

जुनी_वही:
यू का लागत नाही हे कळलं की शब्द लक्षात राहतात. क्यूला यू चिकटला तो नॉर्मन फ्रेंच लेखनामुळे. त्याआधीच्या इंग्रजीत 'क्वीन'ची सुरुवात सी-डब्ल्यूने व्हायची. वरचे अरबी शब्द मात्र थेट लिप्यंतर करून आले. तिथला क्यू म्हणजे घशातून येणारा 'क', जो मराठीत साध्या 'क'मध्ये मिसळून गेला. हिब्रूत त्याच अक्षराचं नाव क्यू-ओ-पी-एच, १८ गुण. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, क्यूचा उच्चार 'च'च्या जवळ. अल्बानियाच्या लेक या चलनाचा शंभरावा भाग क्यू-आय-एन-डी-ए-आर, आणि डीच्या जागी टी घातला तरी चालतो. परका नाही असा एकच, टी-आर-ए-एन-क्यू, ट्रँक्विलायझरची शेपूट तोडलेली. कीबोर्डची क्वर्टी या कुठल्याच खात्यात बसत नाही, पण शब्द वैध आहे.

रिकामी_रॅक:
आणि आयही नाही, एही नाही, अशी वेळ आली तर?

तिप्पट_अक्षर:
मग क्यू परत टाका. टाइल बदलायला पिशवीत किमान सात शिल्लक लागतात आणि तुमची पाळी जाते, म्हणून पिशवी सातच्या खाली जायच्या आत ठरवा. क्यू धरून बसलात तर दर पाळीला सहाच टाइलवर खेळता आणि नुकसान हळूहळू वाढत जातं. शेवटी हातात राहिला आणि समोरचा सगळ्या टाइल लावून सुटला, तर तुमचे १० वजा आणि त्याचे १० जमा, एकूण फरक २० चा. पिशवी रिकामी व्हायच्या सुमारास बोर्डावर क्यू दिसला नसेल तर तो समोरच्याकडे असणार असं धरून चाला. आयच्या शेजारच्या मोकळ्या जागा बंद करत जा, क्यू त्याच्याकडेच अडकतो.