स्लीपिंग बेअर ड्यून्सची सायकल फेरी: तुम्ही रूट कसा आखलात?

अमेरिकेत लेक मिशिगनच्या काठाला स्लीपिंग बेअर ड्यून्स हा वाळूच्या टेकड्यांचा पार्क आहे, तिथे एम्पायर गावाहून सायकलची गोल फेरी आखते आहे. एम-22 या हमरस्त्याने थोडं उत्तरेला, मग एम-109 धरून वाळूच्या टेकड्यांच्या कडेने ग्लेन आर्बर, तिथून परत एम-22 ने, दोन ग्लेन लेकच्या मधल्या पुलावरून घरी. हे 30 किलोमीटरच्या आसपास भरतं. टेकड्यांवरून फिरणाऱ्या पिअर्स स्टॉकिंग ड्राइव्ह या रस्त्याचे 12 किलोमीटर त्यात घालावेत का, घातले तर कधी, आणि रस्ता बरा की हेरिटेज ट्रेल हा गाड्यांपासून वेगळा सायकलमार्ग, यावर आमच्या ग्रुपचं एकमत होत नाहीये. तिकडे सायकल चालवलेल्यांनी लिहा. फोटो पाहून झालेत, चढांबद्दल सांगा.

*

पिअर्स स्टॉकिंग घालाच, पण पाय ताजे असताना, सकाळी. नकाशात तो रस्ता निरुपद्रवी दिसतो. मुळात या टेकड्या सपाट किनाऱ्यावर साचलेल्या नाहीत. हिमनदीने मागे टाकलेल्या मोरेनच्या (दगडमातीच्या ढिगाऱ्याच्या) उंच माथ्यावर वाऱ्याने वाळू नेऊन बसवली आहे. त्यामुळे किनाऱ्यावरची रमतगमत राइड समजून येणाऱ्याची पहिल्या दोन चढांतच जिरते. चढ लांब नाहीत, पण एक संपून श्वास जागेवर येतो न येतो तोच दुसरा उभा. रस्ता एकेरी आहे, म्हणजे सोपी दिशा निवडायची सोय नाही. उतारांवर वळणं अरुंद आणि गाडीवाल्यांचं लक्ष देखाव्याकडे, तेव्हा ब्रेकवर बोटं हवीतच.

या रस्त्यावरच्या नवव्या थांब्याला लेकचं पाणी 450 फूट खाली आहे. वाळूवरून धावत खाली जाणारे दिसतील. सायकल चालवून आलेल्याने त्यांच्या नादी लागू नये. घसरत्या वाळूतून परत वर येताना जीव निघतो, आणि तुमची राइड तर अजून बाकी असते.

*

मला वरचं पटलं नाही. पिअर्स स्टॉकिंग मध्यावर आलेलं चांगलं, कारण वारा. उन्हाळ्यात तो बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो. एम्पायरहून निघालात की कुठल्याही बाजूने जा, पहिला अर्धा भाग वारा पाठीशी आणि दमल्यावर तोंडावर. म्हणून आम्ही गाडी ग्लेन आर्बरला लावतो. आधी एम-22 ने दक्षिणेला, पूल ओलांडून, वाऱ्याशी भांडत. मग एम-109 वर वळून पिअर्स स्टॉकिंग उरकायचं, आणि तिथून ग्लेन आर्बरपर्यंत मोठा उतार, वरून वाऱ्याचा धक्का. यात एम्पायर गाव सुटतं, पण तिथे जायचंच असेल तर गाडीने जा की.

अंधाराची काळजी नको. मिशिगन ईस्टर्न टाइम झोनच्या पार पश्चिमेच्या टोकाला असल्याने जूनमध्ये सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास होतो.

*

लहान मुलं बरोबर असतील तर एम-22 नको. गाड्या ताशी 55 मैलांनी जातात. हेरिटेज ट्रेल त्यासाठीच आहे. 2012 मध्ये ग्लेन आर्बर ते ड्यून क्लाइम्ब (लोक चढतात ती वाळूची टेकडी) हा पहिला तुकडा झाला, तोच अजूनही सगळ्यात सोपा. मध्ये ग्लेन हेवनला थांबा, जुन्या कॅनरीत (फळं डबाबंद करायच्या कारखान्यात) बोटींचं संग्रहालय आहे, मुलं तिथून हलत नाहीत. ड्यून क्लाइम्बच्या दक्षिणेला मात्र ट्रेल एकदम उभा होतो. आम्ही तिथूनच परत फिरतो आणि त्यात काही कमीपणा मानत नाही.

रोड बाइकवाल्यांसाठी: पोर्ट ओनीडाकडे ट्रेलचा काही भाग डांबरी नाही, चुनखडीच्या बारीक खडीचा आहे. 25 मिलिमीटरच्या टायरवर हाडं खिळखिळी होतात.

*

थोडक्यात. सायकलवरून येणाऱ्यालाही पार्कचा पास लागतो, माणशी 15 डॉलर, सात दिवस चालतो. गाडीचा पास असेल तर वेगळा नको. सायकलला ओलांडताना गाडीने किमान तीन फूट अंतर ठेवावं असा कायदा मिशिगनमध्ये 2018 पासून आहे. पाळतातच असं नाही, म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. एम-109 वर ड्यून क्लाइम्बपाशी वाळू रस्त्यावर येते, वळणावर झुकू नका. फोनला मधूनच रेंज नसते, नकाशा आधी उतरवून घ्या. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार टाळा. लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटला की गर्दी ओसरते, पाणी मात्र अजून पोहण्याइतकं उबदार असतं.

*

तुम्ही सगळे टेकड्यांत अडकलात, मोठ्या ग्लेन लेकचा वळसा कुणी सांगेना. ग्लेन आर्बरहून पुलाकडे न जाता काउंटी रोड 675 ने लेकच्या पूर्व काठाने बर्डिकव्हिलला या, मग 616 ने पश्चिमेला, पुढे परत एम-22. 616 वरचा चढ घाम काढतो, पण वर इन्स्पिरेशन पॉइंट आहे. तिथे खाली दोन्ही ग्लेन लेक आणि पलीकडे वाळूच्या टेकड्या, म्हणजे ज्यांच्या अंगावरून फिरायचं त्या अख्ख्या एका नजरेत. इथल्या मूळनिवासी अनिशिनाबे लोकांच्या कथेत स्लीपिंग बेअर ही वाळूची टेकडी म्हणजे विस्कॉन्सिनच्या वणव्यातून लेक पोहून आलेली अस्वलीण, मागे राहिलेल्या दोन पिल्लांची वाट पाहणारी. पिल्लांची झाली मॅनिटू बेटं. पिअर्स स्टॉकिंगवरून बेटं आणि अस्वलीण दोन्ही दिसतात, पण सगळ्या टेकड्या अशा एका नजरेत मावत नाहीत. ऑक्टोबरमध्ये पानं रंगलेली असताना मी तर पिअर्स स्टॉकिंग सोडून हाच वळसा घेईन. चढ दोन्हीकडे आहेत, इथे गाड्या कमी.