मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड ३०६० (१२ जीबी) की ४०६० (८ जीबी)? उद्या पैसे द्यायचेत

शूटिंगवाला_सांगली
मंडळी, जरा लवकर सांगा. दुकानदारानं दोन्ही कार्डं बाजूला काढून ठेवलीत, उद्या दुपारपर्यंतच थांबतो म्हणाला. नव्या ४०६० मध्ये मेमरी कमी, हिशोब करणारे कोर कमी (३५८४ चे ३०७२ झाले), बस म्हणजे मेमरीकडं जायचा रस्ता १९२ बिटची १२८ वर आणलीय. तरी गडी म्हणतोय नवंच भारी. कसं काय? यूट्यूबवर बघावं तर सगळे गेमचेच आकडे दाखवतात. मला गेम खेळायचा नाही. तुळशीचं लग्न झालं की सीझन चालू होतोय. एका शब्दात सांगा, कुठलं घेऊ?

मिरज_जंक्शन
३०६०. विषय संपला. कार्डाची मेमरी मागनं वाढवता येत नाही.

कुपवाड_पीसी
संपला कसा? दोन पिढ्यांचे कोर समोरासमोर मोजायचे नसतात. ३०६० फेब्रुवारी २०२१ चं, सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरवर बनलेलं. ४०६० जून २०२३ चं, टीएसएमसी या चिप कारखान्याकडचं. बूस्ट क्लॉक म्हणजे जोर लावल्यावरचा वेग १.७८ गिगाहर्ट्झवरून २.४६ वर गेलाय. बस अरुंद झाली हे खरं, सेकंदाला ३६० जीबीचे २७२ झाले. पण एल२ कॅश (चिपमधलीच छोटी मेमरी) ३ एमबीची २४ एमबी केली, त्यामुळं मेमरीकडं हेलपाटे कमी पडतात. १०८०पीला (फुल एचडी) गेममध्ये साधारण पंधरा-वीस टक्के पुढं, आणि तेही ११५ वॅटमध्ये. ३०६० ला १७० लागतात.

मिरज_जंक्शन
आठ जीबी भरली की ती कॅश काय चाटायची? मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बंगल्यांचे व्ह्यू करतो. अंगणात चार झाडं आणि लॉन टाकलं की दहा जीबी कधी भरते कळत नाही. मग बसा रेंडर बोंबलताना बघत.

कुपवाड_पीसी
त्यानं ब्लेंडर म्हटलंय का कुठं?

मिरज_जंक्शन
त्यानं काहीच म्हटलं नाही.

वारणाकाठची
तेच म्हणते मी. दादा, प्रोसेसर कुठला, बोर्ड कुठला, सध्याचं कार्ड कुठलं, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) किती वॅटचा, सॉफ्टवेअर कुठलं? आणि मुळात अडतंय कुठं? लग्नाचं एडिटिंग असावं असा माझा अंदाज, पण अंदाजावर कार्ड घेत नाहीत.

शूटिंगवाला_सांगली
आय५, १६ जीबी रॅम. बाकी सगळं व्यवस्थित चालतंय. फक्त कार्डाचं सांगा की.

सातारा_घाट
भावा, नवं कशाला घेतोस? सेकंडहँड ३०६० बघ, निम्म्या पैशात काम होतंय. मी पुण्यातनं आणलं, एक नंबर चालू आहे. एवढंच की मायनिंगचं (आभासी चलन कमवायला राबवलेलं) निघू शकतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं कार्डावरचं मायनिंग बंद झालं आणि पोत्यानं कार्डं बाजारात आली. फॅन हातानं फिरवून बघायचा, थर्मल पेस्ट बदलून घ्यायची.

कुपवाड_पीसी
आणि वॉरंटी कुणाकडं मागायची, पुण्याकडं तोंड करून? बरं, ३०६० घ्यायचंच असेल तर खोका नीट वाचा. त्याच नावाचं ८ जीबीचं पण आहे, २०२२ च्या शेवटी आलेलं, १२८ बिटचं. सेकंदाला २४० जीबी फक्त. नावावर जाऊन फसलेले लोक बघितलेत.

शूटिंगवाला_सांगली
१२ चंच आहे, खोक्याचा फोटो मागवून घेतला. रात्रीचे अकरा वाजले राव, कुणीतरी एक बोट ठेवा.

लाल_तिखट
तुम्ही यूपीएसचं बघितलं का? आमच्याकडं तासगावला लाईटचा खेळ असतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॅट. मोठं कार्ड रेंडरला जोर लावतं तेव्हाच लाईट गेली की यूपीएस टिटी करून बंद, फाइल गेली. आधी १००० व्हीएचा घ्या.

मिरज_जंक्शन
यूपीएस कुणी विचारला होता?

लाल_तिखट
फाइल गेल्यावर विचारतील.

वारणाकाठची
दादा, एक काम करा. जो व्हिडिओ अडकतो तो टाइमलाइनवर चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर किती, जीपीयू (कार्डाची चिप) किती ते इथं लिहा. जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डिकोड (दाबलेला व्हिडिओ उलगडणं) नावाचा वेगळा आलेख असतो, तोही बघा. आणि कॅमेऱ्याची सेटिंग सांगा.

शूटिंगवाला_सांगली
प्रोसेसर १०० टक्के. जीपीयू १५-२०. डिकोड शून्यावरच झोपलंय. सध्या १६५० आहे, ४ जीबीचं, म्हणून तर बदलतोय. एडिटिंगला प्रीमियर वापरतो. सोनीचे दोन कॅमेरे, ४के, एच.२६५ (फाइल दाबायची पद्धत), ४:२:२ (रंगाची माहिती किती ठेवायची ते) दहा बिट. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल आठ बिटमध्ये फाटतो हो, म्हणून दहा बिट. दोन कॅमेरे एकाखाली एक लावले की अडखळत चालतंय. अक्षता पडायच्या आत ऑडिओ पुढं गेलेला असतो. प्रोसेसर १२४००एफ, बोर्ड एच६१०. एसएमपीएस ४५० वॅट, असेंबल करताना त्यानंच टाकलेला.

वारणाकाठची
सापडलं. यातलं कुठलंही कार्ड घेतलं तरी हा अडथळा जाणार नाही.

ही कार्डं करणाऱ्या एनव्हिडियाचा हार्डवेअर डिकोडर ३० आणि ४० सिरीजमध्ये एच.२६५ चं ४:२:० उलगडतो, ४:४:४ उलगडतो, मधलं ४:२:२ नाही. म्हणून तुमचं डिकोड शून्य आणि सगळा भार प्रोसेसरवर. ४:२:२ उलगडणारं हार्डवेअर इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये आहे, पण तुमच्या १२४०० पुढं एफ आहे. एफ म्हणजे ते ग्राफिक्स बंद करून विकलेला.

साधा १२४०० याच बोर्डावर बसतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू ठेवायचं, नाहीतर बाहेरचं कार्ड असलं की बरेच बोर्ड ते झोपवतात. मग प्रीमियरच्या मीडिया प्रेफरन्समध्ये हार्डवेअर डिकोडिंगला इंटेलवर टिक. कॅमेऱ्यात मात्र एच.२६५ च ठेवा. एच.२६४ चं ४:२:२ तिथंही उलगडत नाही.

कुपवाड_पीसी
ताईंचं बरोबर आहे. एनव्हिडियानं ४:२:२ दिलं ते ५० सिरीजपासनं. ५०६० मे २०२५ ला आलंय, ८ जीबीचंच, पण मेमरी जीडीडीआर७ जातीची, सेकंदाला ४४८ जीबी, १४५ वॅट. प्रोसेसर बदलायचा नसेल तर हे बघा. आणि कुठलंही घेतलं तरी तो ४५० चा लोकल एसएमपीएस आधी काढा. १६५० ला ७५ वॅट पुरतात म्हणून आजवर निभावलं.

मिरज_जंक्शन
पण पुढं ग्रेडिंग, नॉइज रिडक्शन, आफ्टर इफेक्ट्स हे सगळं मेमरीच खातं. १२ जीबी ती १२ जीबी.

कुपवाड_पीसी
तुला ३०६० चं दुकान टाकून देतो लगा.

सातारा_घाट
मॅक मिनी घ्या. ॲपलच्या एम१ चिपपासनं हे ४:२:२ आरामात चालतंय, यूपीएसला पण भार नाही.

लाल_तिखट
हा बघा, आता यूपीएसवर आला.

शूटिंगवाला_सांगली
दुकानदार कार्ड विकायला बसलाय आणि तुम्ही म्हणताय कार्डच नको! प्रोसेसरचं कुणी बोललंच नव्हतं मला. साधा १२४०० आहे का विचारलं, म्हणतोय दोन दिवसांत कोल्हापूरहून मागवतो, एफ परत घेऊन वरचे पैसे द्या. पण रविवारी एक साखरपुडा द्यायचाच आहे, त्याचं काय करू?

वारणाकाठची
प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या नकला, करा. रात्री झोपताना सगळ्या क्लिप निवडून १०८०पीच्या प्रॉक्सी बनवायला लावा, सकाळी त्यांच्यावर कटिंग करा. एक्सपोर्टला मूळ फाइलच जाते, क्वालिटीला धक्का नाही. त्याला पैसाही लागत नाही. कार्डाचं प्रोसेसर बदलून झाल्यावर ठरवा. तेव्हा अडलं तर मेमरीत अडतंय की वेगात, हे आकड्यात दिसेल.

शूटिंगवाला_सांगली
लावल्या प्रॉक्सी. २१४ क्लिप आहेत, पंखा ट्रॅक्टरसारखा ओरडतोय. दुकानदाराला कार्डं परत ठेवायला सांगितली, जरा नाराज झाला. एसएमपीएस ५५० चा सांगितलाय.

भडंग_गेमर
याच धाग्यात विचारतो. माझं ९४००एफ आहे, बोर्ड जुना, पीसीआयई ३ (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) वाला. ४०६० स्लॉटमधल्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं म्हणे. फरक पडतो का? लवकर सांगा, ऑफर आज रात्री संपतीय.

वारणाकाठची
एसएमपीएस किती वॅटचा?