मदत हवी आहे: हाताने ढकलायचा जुना लॉनमोअर नव्यासारखा करायचाय, पण नवा असताना तो दिसायचा कसा?

बाजूला दोन मोठी चाकं असलेला, हाताने ढकलायचा जुना लॉनमोअर हाती आलाय. इंजिन नाही, त्यामुळे कार्बोरेटर आणि पॉइंट्सची भानगड नाही. चाकं आणि बाजूच्या तबकड्या बिडाच्या, रिळाला (गवत कापणाऱ्या फिरत्या दंडगोलाला) पाच पोलादी पाती, मागचा रोलर आणि दांडा लाकडी. चाकांवर ओतीव अक्षरं आहेत, पण रंगाचे इतके थर चढलेत की निम्मी बुजली आहेत. रीळ फिरतं. एका टोकाला खालच्या स्थिर पात्यावर घासतं, दुसऱ्या टोकाला टेकतही नाही.

मला तो गवत कापणारा हवाच आहे, शिवाय दुकानातून आत्ताच बाहेर काढल्यासारखा दिसायलाही हवा. अडलंय ते या दुसऱ्या हट्टापायी.

वरचा रंग हिरवा, त्याखाली आणखी एक हिरवा, आणि बॅजच्या (कंपनीच्या नावाच्या पट्टीच्या) मागे, जिथे ऊन पोचलंच नाही, तिथे मूळचा गडद हिरवा. सगळ्यात तळाशी शेंदरी थर दिसतोय. हा नुसता घासून काढला तर चालेल का? घरात लहान मुलं आहेत म्हणून विचारतो.

दुसरं, बीड मुळातच खरबरीत आहे. साच्यातल्या वाळूचे ठसे स्पष्ट दिसतात. यूट्यूबवर लोक लांबी (पुट्टी) भरून, घासून, मोटारीसारखी चकाकी आणतात. ते बघायला छान वाटतं, पण कारखान्यातून यंत्र तसं बाहेर पडत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. पत्रा आणि बीड या दोन्हींना एकच न्याय लावायचा का?

तिसरं, अक्षरं वेगळ्या रंगात कशी रंगवतात? माझ्या ब्रशने नुसता लगदा होईल.

आणि धार आधी की रंग आधी?

प्रतिसाद:
शेंदरी थर म्हणजे बहुधा शिशाचा प्रायमर. वरच्या जुन्या हिरव्यांतही शिसं असू शकतं. तपासायच्या काड्या मिळतात, पण मी तर शिसं आहे असं धरूनच चालतो. कोरडं घासणं, ग्राइंडरवरचा वायर ब्रश आणि हीट गन, तिन्ही बाद. धूळ आणि धूर दोन्ही वाईट. पेंट रिमूव्हर लावून रंग मऊ करा, ओला असतानाच खरवडा, खरवड डब्यात बंद करा, बारीक धुळीचा मास्क लावा, कामाचे कपडे वेगळे धुवा. मुलं घरात असतील तर हे काम घरात करूच नका.

रंग निघाला की गंजासाठी इलेक्ट्रोलिसिस. प्लास्टिकच्या टबात पाणी, दर पाच लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक तुमच्या भागाला, धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. उलटं जोडलंत तर तुमचं चाकच झिजेल. स्टेनलेसची पट्टी अजिबात नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर करा आणि टबात हात घालण्याआधी चार्जर बंद करा. पट्टीसमोरची बाजू लवकर साफ होते, म्हणून चाक मधूनमधून फिरवत राहा. या पद्धतीत चांगलं लोखंड झिजत नाही, त्यामुळे तुमची अक्षरं शाबूत राहतील. सँडब्लास्टिंगवाला घाईत असला तर त्याच कडा बोथट करून ठेवतो.

अॅल्युमिनियमचा एखादा भाग असेल तर तो या टबात टाकू नका. स्प्रिंगाही नकोत, हायड्रोजनने कडक पोलाद ठिसूळ होतं. बाहेर काढल्यावर धुवून लगेच वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. ओलं उघडं बीड बघता बघता तांबूस होतं.

प्रतिसाद:
'नव्यासारखा' यावरच बोलतो, कारण खरा प्रश्न तोच आहे.

एडविन बडिंगने १८३० मध्ये ग्लॉस्टरशरमध्ये पहिल्या लॉनमोअरचं पेटंट घेतलं. कल्पना आली ती गिरणीत लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. इप्सविचच्या रॅन्सम्सनी १८३२ पासून परवान्यावर ही यंत्रं बनवायला सुरुवात केली. तेव्हापासून हे माळ्याच्या हातातलं अवजार, दिवाणखान्यात ठेवायची वस्तू नव्हे. ओतकाम साच्यातून निघायचं, कडा साफ व्हायच्या, त्यावर रंग. वाळूचा खरबरीतपणा रंगाखाली दिसायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. लांबी भरून तो पोत बुजवलात की यंत्र गुळगुळीत होईल, पण त्या काळातलं वाटणार नाही.

मी असं करतो: बिडावर फक्त गंजाने पडलेले खड्डे भरायचे, साच्याचा पोत ठेवायचा. पत्रा मात्र मुळात गुळगुळीतच असतो, तिथे जाड थराचा प्रायमर आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर खुशाल वापरा. रंग अर्धचकाकीचा तेली एनॅमल. बॅजमागचा तुकडा आहे तसा जपा आणि त्याच्याशी ताडूनच रंग मिसळून घ्या. फोटोवरून रंग जुळवू नका, प्रत्येक स्क्रीनचा हिरवा वेगळा. मॉडेल ओळखायचं असेल तर इंग्लंडमध्ये साउथपोर्टला लॉनमोअरचं खास संग्रहालय आहे, जुन्या यंत्रांच्या हौशी मंडळींचा क्लबही आहे.

टू-के रंगाचा, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या रंगाचा, मोह होईल. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. हाताने ढकलायच्या मोअरवर पेट्रोल सांडणार नाही, मग एवढा खटाटोप कशाला?

एनॅमलचा दुसरा हात डब्यावर लिहिलेल्या वेळेतच द्या. अर्धवट वाळल्यावर दिलात तर खालचा थर सुरकुततो आणि सगळं पुन्हा खरवडावं लागतं.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. पोत ठेवायचा हे पटलं, खरं तर मला तेच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. अक्षरांचं राहिलं. आणि नवी अडचण: माझ्याकडचा एकही पान्हा या नटांना नीट बसत नाही. मेट्रिक सैल, इंची घट्ट.

प्रतिसाद:
विटवर्थ, म्हणजे नट-बोल्टचं जुनं ब्रिटिश इंची माप. जुनी ब्रिटिश बनावट असेल तर दुसरं काही नाही. त्या पान्ह्यांवरचा आकडा नटाच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो, म्हणून काहीच जुळत नाही. आट्यांचा कोन ५५ अंश, आजच्या मेट्रिक आणि यूएनसीचा (अमेरिकी इंची मापाचा) ६०. १/४ इंचात दोन्हीकडे इंचाला २० आटे, त्यामुळे यूएनसीचा नट चढल्यासारखा वाटतो. १/२ इंचात विटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३, तिथे जबरदस्ती केली की आटे गेलेच. मूळ नट-बोल्ट जपून ठेवा, साफ करून पुन्हा तेच लावा.

अक्षरांना ब्रश नकोच. आधी चाक पूर्ण हिरवं करा आणि कडक वाळू द्या. मग लहान कडक रबरी रोलरवर दाट रंग अगदी पातळ घ्या, आधी कागदावर फिरवा, मग उठावावरून हलकेच न्या. रंग फक्त माथ्यावर बसतो. खाली ओघळला तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने लगेच पुसा. चाक आडवं ठेवूनच हे करा.

प्रतिसाद:
पात्यांचं मी सांगतो. सगळं सुटं करण्याआधी फोटो काढा, विशेषतः चाकांच्या आतल्या छोट्या गिअरचे आणि त्यांच्या खिट्ट्यांचे. डावा-उजवा गिअर अदलाबदल झाला तर पुढे ढकलताना रीळ फिरणार नाही आणि मागे ओढताना फिरेल. दोन्हींवर खूण करून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

एका टोकाला घासतं म्हणजे एक तर खालचं पातं तिरकं बसलंय, नाहीतर रीळ एका बाजूला जास्त झिजून निमुळतं झालंय. रिळाचा व्यास दोन्ही टोकांना मोजा. फरक असेल तर हाताने काही होणार नाही, रीळ ग्राइंड करणाऱ्याकडे न्या, आणि ते रंगाआधीच. व्यास सारखा असेल तर रंगकाम, जोडणी, मग बॅकलॅपिंग: पात्यांना ग्राइंडिंग पेस्ट लावून रीळ उलटं फिरवायचं. पेस्ट बेअरिंगमध्ये गेली तर बेअरिंग संपलं, म्हणून टोकं कापडाने झाका आणि शेवटी पेस्ट पूर्ण धुवून काढा. बेअरिंगमध्ये सुट्या गोळ्या असतील तर सायकलच्या हबसारखंच समायोजन: खेळ जाईल इतकं घट्ट, अडकणार नाही इतकं सैल. खालचं पातं जुळवण्याआधी हे झालंच पाहिजे, डगमगत्या रिळाशी काहीच जुळत नाही.

वर्तमानपत्राची पट्टी पूर्ण लांबीवर ठिकठिकाणी धरून बघा. सगळीकडे स्वच्छ कापली की झालं.

लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल पातळ लावा, जास्तीचं पुसून घ्या. पुसलेली फडकी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

धागाकर्ता:
व्यास मोजला, दोन्ही टोकांना सारखाच आहे. म्हणजे खालचं पातं तिरकं. ते बसवणारे स्क्रू मात्र गंजून पात्यात एकजीव झालेत, खाचाही उरल्या नाहीत. तापवू का?

प्रतिसाद:
आजूबाजूचा रंग पूर्ण निघेपर्यंत तापवू नका, शिशाचं वर सांगितलंच आहे. नंतर भेदक तेल देऊन रात्रभर ठेवा, हॅकसॉने नवी खाच पाडा आणि इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर (हातोड्याने ठोकला की फिरतो तो) वापरा. तरी हलला नाही तर स्क्रूच्या डोक्यावर नट वेल्ड करून घ्या, त्या उष्णतेनेच निम्मं काम होतं. डोकं ड्रिलने उडवणं अगदी शेवटी, आणि मध्यावर पंच मारल्याशिवाय नाही.