गेटवरची पांढरी गाडी (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज)

ए-३०४ (सकाळी ६:१२): गेटला आडवी लावलेली पांढरी गाडी कुणाची आहे? कृपया लगेच काढा. मला ७ च्या शिफ्टला शिरोलीला पोचायचंय.

ए-३०४ (६:१८): कुणी उठलंय का? वॉचमनला काही माहिती नाही.

ए-३०४ (६:२७): हँडब्रेक ओढलेला आहे. मी, वॉचमन आणि दूधवाला, तिघांनी मिळून ढकलून बघितली, तसूभर हलली नाही. काचेला फोन नंबरची चिठ्ठी आहे, पण उन्हानं शाई उडालीय. शेवटचे चारच आकडे दिसतात.

सी-१०२ (६:३१): शुभ सकाळ. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या सगळ्या गाड्यांना नवीन सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे. दुचाकी ४५० रुपये, चारचाकी ७४५ रुपये, जीएसटी वेगळा. सर्वांनी लक्ष द्यावे.

ए-३०४ (६:३२): काका, आत्ता गाडी कुणाची ते विचारतोय.

ए-१०१ (६:३८): बी विंगला पाहुणे आलेत. बी-२०१ ची बेल वाजवा. आमच्या खिडकीतनं रात्री दिसली होती.

बी-२०१ (६:४९): सॉरी दादा, फोन सायलेंटवर होता. दाजी खाली उतरलेत, काढतायत.

ए-३०४ (६:५२): निघालो.

बी-२०१ (९:०५): परत एकदा माफ करा. पण रात्री ११:४० ला टँकर आत आला, पाइप पार्किंगभर पसरली होती. दाजी कागलहून दमून आलेले, गाडी लावायची कुठं? टँकर गेल्यावर कुणी उठवलं असतं तर काढली असती.

सी-२०३ (९:१२): वहिनी, टँकरचं निमित्त नको. ज्यांना एकच पार्किंग आहे त्यांच्या घरी तीन-तीन गाड्या आहेत, त्याबद्दल मागच्या मीटिंगलाच बोललो होतो.

बी-२०१ (९:१४): नाव घेऊन बोला की भाऊजी. आमच्या दोनच आहेत, त्यातली एक मोपेड.

सी-१०२ (९:२०): चारचाकी ७४५ रुपये, जीएसटी वेगळा. खाली लिंक देत आहे.

बी-१०३ (९:२२): काका, फॉरवर्ड आलेल्या लिंकवर कुणी पैसे भरू नका. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच बुकिंग करायचं. तिथं आपलं कोल्हापूरचं एमएच-०९ निवडलं की पुढचं सगळं येतं. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. आणि नंबर प्लेटनं गाडी गेटावरनं सरकत नाही ओ 😀

सी-१०२ (९:२५): मी चांगल्यासाठीच टाकतो.

बी-१०३ (९:२६): माहीत आहे काका, राग नको. लिंक तेवढी काढा.

ए-१०१ (९:४०): मूळ दुखणं पाणी आहे. काल पहाटे ३ ला नळ आला, २० मिनिटं, करंगळीएवढी धार. मी दोन कळशा आणि एक बादली भरली, तोवर गेलं. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहरासाठी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं तेव्हा याच ग्रुपवर फटाक्यांचे फोटो टाकले होते आपण. आता टँकरला दारात उभं राहायची वेळ का यावी?

सेक्रेटरी (९:५८): वहिनी, तक्रार दोनदा लेखी दिलीय, पोचपावती माझ्याकडं आहे. आमच्या गल्लीची लाइन जुनी, शेवटच्या टोकाला दाब पोचत नाही, असं सांगतात. टँकर १०,००० लिटरचा, फ्लॅट २४. घरटी ४१६ लिटर पडतं. तोही मिळेल तेव्हा घ्यावा लागतो, म्हणून रात्री.

सी-२०३ (१०:०३): मग मेंटेनन्समध्ये टँकरचा खर्च दाखवा. किती झाला?

सेक्रेटरी (१०:०५): बिलं फाइलला आहेत. संध्याकाळी घरी या, चहा पण घ्या.

ए-३०४ (दुपारी ३:४८): आत्ता सुटलो. सकाळी गडबडीत लिहिता आलं नाही, आता लिहितो.

माझ्या गाडीतनं आम्ही चौघं जातो. तिघं कावळा नाक्यावर ६:२० पासून उभे होते. त्यातला एकजण परवाच आजारातनं उठलाय. ७:४० ला पंचिंग झालं. चौघांनाही हाफ डे. काम पूर्ण ३ पर्यंत करून घेतलं आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापणार. रजा कुणाकडंच शिल्लक नाही. माझं जाऊ दे, पण त्या पोरांना रोज ९०० रुपये पडतात. त्यांचे ४५० गेले, आणि त्यांच्या घरचा आमच्या पार्किंगशी काय संबंध? मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

बी-२०१ (३:५५): दादा, खरंच वाईट वाटलं. हे माहीत नव्हतं. त्या तिघांचं काय नुकसान झालं ते आम्ही देतो.

ए-३०४ (३:५७): वहिनी, पैसे नकोत. परत होऊ नये एवढंच.

ए-२०२ (४:१०): मी ३१ वर्षं टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या हिशेबात काढली, म्हणून सांगतो. ४० मिनिटं उशीर आणि ४ तासांचा पगार, असं करता येत नाही. जेवढा वेळ माणूस गैरहजर, तेवढ्याच वेळेचे पैसे कापायचे. १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टमध्ये हेच होतं, आताच्या २०१९ च्या वेतन संहितेत कलम २० मध्येही हेच आहे. १० किंवा जास्त कामगार ठरवून, नोटीस न देता गैरहजर राहिले तर वेगळा नियम लागतो. तुम्ही चौघं गेटात अडकलेले. ८ तासांची ४८० मिनिटं. ४० मिनिटं म्हणजे बारावा हिस्सा. ९०० चे ७५ रुपये कापावेत, ४५० नव्हे.

ए-३०४ (४:१४): काका, हे खरं? मी १४ वर्षं हाफ डे गुमान सोसत आलोय.

ए-२०२ (४:१६): खरं. पण भांडायला जाऊ नकोस. चौघांच्या सहीनं साधा अर्ज द्या, पंचिंगची वेळ लिहा, एक प्रत शिक्का मारून परत घ्या. आज रात्री ये, मजकूर मी सांगतो.

सी-२०३ (४:२०): आमच्याकडं पण असंच कापतात. मी पण येतो काका.

सी-१०२ (४:३१): १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्या. लिंक काढली आहे.

बी-१०३ (४:३२): धन्यवाद काका 🙏

सेक्रेटरी (५:०५): टँकरवाल्याशी बोललो. उद्यापासून सकाळी ९:३० नंतरच येईल, ११ वाजेपर्यंत. रात्री गेट मोकळं ठेवायचं. पाहुण्यांच्या गाड्या कंपाउंडच्या बाहेर, भिंतीला लागून. प्रत्येक गाडीत फ्लॅट नंबर ठळक लिहून ठेवा, पेननं नको, मार्करनं. कार्ड आणि मार्कर वॉचमनकडं ठेवलेत.

सी-२०३ (५:०९): आणि तीन गाड्यांचं?

सेक्रेटरी (५:१०): रविवारी, समोरासमोर.

बी-२०१ (५:२५): आमच्या दोन्ही गाड्यांची कार्डं लावली. दाजी उद्या सकाळी ६ ला निघणार आहेत, त्यांची गाडी आत्ताच बाहेर काढलीय.

ए-३०४ (५:३१): आभारी आहे वहिनी. दाजींना सांगा, सकाळी आवाज चढला होता, मनात ठेवू नका. काका, ८ ला येतो, पोरांपैकी एकाला घेऊन.